बारा जानेवारीची तवारीख

उर्दूत 'तारीख' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक दिनांक आणि दुसरा इतिहास. उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकावर 'तारीख' असेच छापलेले असते. मराठीने यातला पहिला अर्थ उचलला आणि कोर्टापासून लग्नपत्रिकेपर्यंत सर्वत्र वापरला. दुसरा अर्थ 'तवारीख' या शब्दात राहिला, पण तो शब्द आता फारसा कुणी वापरत नाही. दिनांक आणि इतिहास यांची ही फारकत केवळ भाषेपुरती राहिलेली नाही, ती आपल्या शाळांतही दिसते.

आम्ही शिक्षक मंडळी रोज सकाळी परिपाठ घेतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार आणि मग दिनविशेष. फळ्यावर एक ओळ लिहायची : आज अमक्यांची जयंती, तमक्यांची पुण्यतिथी. ही ओळ पूर्वी छापील पुस्तिकेतून यायची, आता ती मोबाईलवर येते. एका दिवसाला एक, फार तर दोन नावे. बाकीचे त्या दिवसातून गळून जातात. कोण राहतो आणि कोण गळतो हे मुलांना कळत नाही, आणि आम्हांलाही बहुधा विचारावेसे वाटत नाही. म्हणून या लेखापुरता आम्ही एकच दिवस घेतला आहे, १२ जानेवारी. तो फळ्यावरच्या ओळीपलीकडे जाऊन पाहावा, एवढाच हेतू.

१२ जानेवारीचे पहिले नाव जिजाऊंचे. १५९८ साली सिंदखेडराजा येथे लखुजीराव जाधवांच्या घरी त्यांचा जन्म झाला. तिथी पौष पौर्णिमा. येथे एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. ही १२ जानेवारी जुन्या ज्युलियन पंचांगाची आहे. इंग्रजांनी ते पंचांग १७५२ पर्यंत चालवले. आजच्या ग्रेगोरियन मोजणीने तो दिवस दहा दिवस पुढे जातो. म्हणजे जी तारीख आपण दगडावरची रेघ समजतो, तीही माणसांनी ठरवलेली सोय असते. हिजरी सनाशी रोजचा संबंध असलेल्या आमच्या मुलांना हे लवकर समजते. त्यांची ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकताना ती पाहतातच.

जिजाऊंचे माहेर आणि सासर दोन्ही दख्खनच्या सुलतानांच्या चाकरीत होते. लखुजीराव निजामशाहीतले मातब्बर सरदार. मालोजीराजांनी आपल्या मुलांची शहाजी आणि शरीफजी ही नावे अहमदनगरच्या (आता अहिल्यानगरच्या) शाह शरीफ या पिरावरून ठेवली, असे परंपरा सांगते. आमच्याकडचे वक्ते सभेत एवढे सांगून थांबतात आणि टाळ्या घेतात. पण १६२९ साली त्याच निजामशाहीच्या दरबारात, दौलताबादला, लखुजीराव आणि त्यांचे पुत्र दग्याने मारले गेले, हेही त्याच तवारीखेत आहे. पहिली गोष्ट सांगून दुसरी लपवणारा आणि दुसरी सांगून पहिली लपवणारा, दोघेही तारखेशी बेइमानी करतात.

याच दिवसाशी साताऱ्याच्या शाहू महाराजांचा राज्याभिषेकही जोडलेला आहे, साल १७०८. रायगड पडल्यावर आई येसूबाईंबरोबर मोगलांच्या कैदेत गेलेला हा मुलगा सतरा-अठरा वर्षांनी सुटून आला होता. त्या कैदेत औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा हिने त्याला माया लावली. बापाने कैद करावे आणि लेकीने जीव लावावा, एवढा गुंता फळ्यावरच्या एका ओळीत मावत नाही.

पुढे १८६३ साली, कलकत्त्यात, स्वामी विवेकानंदांचा जन्म. १९८५ पासून हा दिवस राष्ट्रीय युवक दिन म्हणून देशभर पाळला जातो. १९९२ साली देवासला पंडित कुमार गंधर्व याच दिवशी गेले. २०१० साली हैती या गरीब देशात भूकंपाने राजधानीचे शहर जमीनदोस्त केले, तोही हाच दिवस. पण आम्हांला ज्या १२ जानेवारीकडे यायचे आहे ती १९३१ ची आहे, आणि ती आपल्याच महाराष्ट्रातली आहे.

त्या दिवशी पुण्याच्या येरवडा तुरुंगात सोलापूरच्या चार माणसांना फाशी देण्यात आली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन.

ही फाशी समजून घ्यायला आठ-नऊ महिने मागे जावे लागते. १९३० चा एप्रिल-मे हा विलक्षण काळ होता. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. त्याच दिवशी सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा चढला. १८ एप्रिलला चितगावात क्रांतिकारकांनी सरकारी शस्त्रागारावर छापा घातला. २३ एप्रिलला पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात खुदाई खिदमतगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि चंद्रसिंह गढवाली व त्यांच्या शिपायांनी निःशस्त्र पठाणांवर बंदूक चालवायचे नाकारले. ५ मे उजाडण्यापूर्वीच गांधीजींना कराडी येथे अटक झाली. त्यांच्या मागे सत्याग्रहाची धुरा वयोवृद्ध अब्बास तय्यबजींकडे आली, आणि आठवड्याभरात तेही पकडले गेले.

सोलापूर गिरण्यांचे गाव. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू, अशा चार भाषा या गावच्या बोळांतून ऐकू येतात. पद्मशाली विणकर, मोमीन, लिंगायत, मराठा, दलित, मारवाडी व्यापारी असे सगळे एका भोंग्यावर उठणारे. गांधीजींच्या अटकेची बातमी आली तशा गिरण्या बंद पडल्या आणि बाजार थंडावला. ८ मे रोजी लोक शिंदीची झाडे तोडायला निघाले. दारूबंदीच्या चळवळीचा तो भाग होता. पोलिसांनी धरपकड केली, जमाव वाढला, गोळीबार झाला. झेंडा घेऊन पुढे झालेला शंकर शिवदारे हा तरुण गोळीला बळी पडला. मग जमावाचा तोल सुटला. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जळाली, कोर्टाच्या इमारतीला आग लागली. दोन पोलीस मारले गेले.

हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. हुतात्म्यांवरच्या भाषणांतून ते बहुतेक वेळा वगळले जाते. ते पोलीसही याच मातीतले गरीब नोकरदार होते, त्यांनाही घरे होती. ते वगळल्याने हुतात्मे मोठे होत नाहीत आणि सांगितल्याने लहानही होत नाहीत.

त्यानंतरचे तीन दिवस, ९, १० आणि ११ मे, सोलापुरात इंग्रजी सत्ता नावालाच उरली. गोऱ्यांनी बायकामुले हलवली, अंमलदार मागे सरले, आणि गावची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी पाहिली. हिजरी हिशेब मांडला तर १३४८ च्या जिल्हज महिन्याची दहावी, म्हणजे बकरी ईद, नेमकी याच दिवसांत येते. चंद्रदर्शनाने फार तर एखादा दिवस इकडेतिकडे. इंग्रजी राज्यात असूनही इंग्रजांशिवाय आलेली अशी ईद देशातल्या फार थोड्या शहरांच्या नशिबी आली असेल.

१२ मे रोजी लष्कर आले आणि लष्करी कायदा पुकारला गेला. तो जूनअखेरपर्यंत राहिला. गांधी टोपी डोक्यावर दिसली की शिक्षा, झेंडा हातात दिसला की शिक्षा. पुढारी गजाआड गेले. आणि चौकीतल्या पोलिसांच्या मृत्यूसाठी खटला उभा राहिला. त्यातून चौघांच्या गळ्याभोवती फास आला. वरच्या न्यायालयांत दाद मागूनही शिक्षा टळली नाही. साक्षी पढवलेल्या होत्या, जमावाच्या कृत्याची किंमत नजरेत भरलेल्या कार्यकर्त्यांकडून वसूल केली गेली, अशी सोलापूरकरांची तेव्हापासून भावना आहे.

चौघांपैकी धनशेट्टी लिंगायत, सारडा मारवाडी, शिंदे मराठा आणि कुर्बान हुसेन मुसलमान. कुर्बान हुसेन हा विशीतला तरुण होता. गिरणी कामगारांत काम करायचा, आणि 'गझनवी' नावाचे पत्र चालवायचा. या नावाने आज अनेकांच्या भुवया उंचावतील. पण त्या पत्राचा हा संपादक हिंदू-मुसलमान एकीचे बोलत होता, कामगारांच्या सभा घेत होता, आणि स्वराज्याच्या आरोपाखाली धनशेट्टी-सारडांच्या शेजारी उभा राहून फासावर गेला. नावावरून माणूस ओळखता येतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

१२ जानेवारी १९३१ चा तो सोमवार होता. सोलापुरात संक्रांतीची, सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली. मुसलमान मोहल्ल्यांत शाबान महिना उतरणीला लागलेला, रमजान आठवड्यावर. तिकडे लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद चालू होती, ती १९ तारखेला संपली. २६ जानेवारीला गांधीजी सुटले, ५ मार्चला गांधी-आयर्विन करार झाला. चौघांच्या फाशीनंतर अवघ्या दोन आठवड्यांत सरकार बोलणी करायला तयार झाले होते. २३ मार्चला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना लाहोरात फाशी झाली आणि साऱ्या देशाचे डोळे तिकडे लागले. त्या प्रचंड आक्रोशात सोलापूरची फाशी मागे पडली, हे समजण्यासारखे आहे.

पण आमच्या मते आणखी एक कारण आहे, आणि ते आम्हां उर्दू-मराठीच्या सीमेवर राहणाऱ्यांनी नीट पाहिले पाहिजे. उर्दू वाचणाऱ्याला १९३१ चा जानेवारी विचारा. तो सांगेल, मौलाना मुहम्मद अली जौहर. ते गोलमेज परिषदेला गेले आणि ४ जानेवारीला लंडनमध्येच वारले, त्यांचे दफन जेरुसलेमला झाले. योग्यच आहे, ती मोठी घटना होती. मराठी वाचणाऱ्याला १२ जानेवारी विचारा. तो जिजाऊ आणि विवेकानंद सांगेल. तेही योग्यच. कुर्बान हुसेन मात्र या दोन स्मरणांच्या मधल्या फटीत पडतो. उर्दूच्या लेखी तो दूरच्या एका गिरणगावचा, आणि मराठीच्या लेखी त्याचे नाव परके. जो दोन्ही भाषांचा असतो, तो कधीकधी एकीचाही राहत नाही.

याला सोलापूरचा अपवाद आहे. तेथे चौकात चौघांचे पुतळे एकत्र आहेत, आणि लोक त्या जागेला सरळ 'चार पुतळा' म्हणतात. तेथील नाट्यगृह हुतात्म्यांच्या नावाचे आहे, पुण्याला जाणारी 'हुतात्मा एक्स्प्रेस' त्यांच्याच स्मरणार्थ आहे. पण त्या गाडीत रोज बसणाऱ्या किती जणांना चारही नावे सांगता येतील?

आता एका प्रश्नाला सामोरे जायला हवे. मुसलमान लेखकांच्या अंकात मुसलमान शिक्षकाने मुसलमान हुतात्म्यावर लिहिले, की ती निष्ठेची पावती वाटू लागते. 'पाहा, आमचाही एक होता.' अशा याद्या आम्ही पुष्कळ ऐकल्या. पंधरा ऑगस्टला त्या वाचल्या जातात आणि सोळा तारखेला कुणाच्या लक्षात नसतात. या याद्यांचा आम्हांला मनापासून कंटाळा आहे. कुर्बान हुसेनने फासावर जाताना कुणासाठी पावती फाडली नव्हती. शिवाय त्याला एकट्याला उचलून आपल्या यादीत घातले, तर ज्या तिघांबरोबर तो गेला त्यांच्यापासून आपणच त्याला तोडतो. मग सारडा मारवाड्यांच्या यादीत जातील, धनशेट्टी लिंगायतांच्या, शिंदे मराठ्यांच्या. इंग्रजांना जे त्या मे महिन्यात जमले नाही, ते आपण जयंत्या-पुण्यतिथ्यांतून करून दाखवू.

आणखी एक नाव याच तारखेचे आहे. सोलापूरच्या फाशीला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, १२ जानेवारी १९३४ ला, चितगावच्या तुरुंगात सूर्य सेन आणि तारकेश्वर दस्तिदार यांना फाशी झाली. चितगावच्या छाप्याचे नेते हेच सूर्य सेन. ते शिक्षक होते, आणि सारा बंगाल त्यांना 'मास्टरदा' म्हणूनच ओळखतो. ज्यांच्यासाठी ते गेले ते चितगाव आज दुसऱ्या देशात, बांगलादेशात आहे. देशांच्या सीमा सरकतात, पंचांगे बदलतात. गेलेल्या माणसांची जबाबदारी मात्र मागे राहिलेल्यांवर तशीच असते.

तेव्हा आमचे मागणे लहान आहे. १२ जानेवारीला शाळेत जिजाऊंना वंदन व्हावे, युवक दिन साजरा व्हावा, त्यात काही कमी करू नये. फक्त फळ्यावर एक ओळ वाढवावी, आणि त्या ओळीत चारही नावे एकत्र लिहावीत. उर्दू शाळेत धनशेट्टी-सारडा-शिंदे वगळू नयेत, मराठी शाळेत कुर्बान हुसेन वगळू नये. मुलांनी विचारले की हे कोण, तर आठ मेपासून सुरुवात करावी. झेंडा सांगावा, गोळीबार सांगावा, मेलेले पोलीसही सांगावेत. आणि सोलापूर परिसरात कुणाच्या घरी जुन्या पेटीत 'गझनवी'चा एखादा अंक, लष्करी कायद्याच्या दिवसांतले एखादे पत्र, आजोबांनी लिहून ठेवलेली एखादी वही असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नये. ती ग्रंथालयात किंवा शाळेत द्यावी. ते दिवस पाहिलेली पिढी आता उरलेली नाही. जे काही आहे ते कागदावरच आहे, आणि कागदाला वाळवी लागायला वेळ लागत नाही.