ओहोटी पाहून निघावे : अलिबाग ते रेवदंडा

श्रोतेहो, इतिहास शिकवताना आम्हा मास्तर लोकांची एक खोड असते. सनावळी फळ्यावर लिहायची, मुलांनी ती वहीत उतरवून घ्यायची, आणि परीक्षा झाली की दोघांनीही ती विसरून जायची. यात मुलांचा दोष थोडा आणि आमचा अधिक. कारण सनाला जागा लागते. ज्या जागी एखादी गोष्ट घडली त्या जागेवर पाय टेकला म्हणजे तिचा सन निराळा पाठ करावा लागत नाही.

आज मी आपल्याला अशाच एका वाटेने नेणार आहे. ही वाट रायगड जिल्ह्यातली, अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतची. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. आमच्या वाडवडिलांच्या तोंडी ते अजूनही तेच आहे. अंतर म्हणाल तर सतरा-अठरा किलोमीटर. पायी एका दिवसाचे, सायकलने अर्ध्या दिवसाचे. मोटारीने अर्धापाऊण तास. पण मोटारीतून यातले निम्मे दिसत नाही.

निघण्यापूर्वी मात्र पंचांग उघडावे लागेल. मुहूर्तासाठी नव्हे हं, पाण्यासाठी. आपले कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या एक सोपा हिशेब करतात. तिथीचा पाऊणपट करायचा, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. तेव्हा त्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास पाणी पुरते ओसरलेले असणार. पुनवेला आणि अवसेला उधाण, त्या वेळी पाणी चढतेही खूप आणि उतरतेही खूप. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी बेताने चढते आणि बेतानेच उतरते. म्हणून आपल्या सहलीला द्वितीया ते चतुर्थी या तिथी उत्तम. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळच्या वेळी सापडते. हा हिशेब ठोकळ आहे. नेमकी वेळ वर्तमानपत्रात किंवा मोबाईलवर पाहून घ्यावी, आणि जागेवरच्या माणसाला विचारावे.

हे पाल्हाळ कशासाठी? तर आपला पहिला मुक्काम समुद्रात आहे. अलिबागच्या पुळणीवर उभे राहिले की समोर कुलाबा किल्ला दिसतो. भरतीला तो बेट असतो, ओहोटीला चालत जाण्याजोगा होतो. ओहोटी लागत असताना जावे आणि पाणी परत फिरण्याच्या आत निघावे. येथे धाडस दाखवायचे नसते. घड्याळाकडे दुर्लक्ष करणारी मंडळी किल्ल्यात अडकून पडतात, आणि पाण्यातून परतायचा हट्ट धरला तर जिवावर बेतते.

शिवाजी महाराजांनी हा किल्ला त्यांच्या अखेरच्या वर्षात, १६८० मध्ये, बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत तो पुरा झाला. तटापाशी गेलात की मुलांना एक प्रश्न विचारा : या दगडांच्या मध्ये चुना कुठे आहे? मुले शोधतील, आणि त्यांना तो सापडणार नाही. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते, तिथेच त्याचा जोर मोडतो, आणि तट उभा राहतो. समुद्राशी झुंजण्यापेक्षा त्याला वाट करून द्यावी, हे त्या गवंड्यांना उमगले होते. किल्ल्याच्या आत, चहूकडे खारे पाणी असताना, गोड्या पाण्याची सोय आहे. १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळही तेथेच आहे.

हा किल्ला कान्होजी आंग्र्यांचे ठाणे होता. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज, एरवी एकमेकांचे वैरी, एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले. शाहू महाराजांची फौज कान्होजींच्या मदतीला धावली आणि तो बेत पार फसला. किल्ल्यावरून परत शहरात आलात की कान्होजींची समाधी पाहावी. त्यांचा मृत्यू १७२९ सालचा. उत्तरेकडे थळच्या किनाऱ्यावर सायकल नेली तर समोर खांदेरी आणि उंदेरी ही जोडबेटे दिसतात. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली, कारण मुंबई बंदराचे तोंडच तेथून नजरेत येते. पुढे सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत खांदेरी आहे.

थळच्या शेजारचे नवगाव हे बेने इस्रायल लोकांच्या आठवणीतले पहिले गाव. कित्येक शतकांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. ते येथे तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनवार तेली. गावांवरून पडलेली किहीमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे. अलिबाग हे नावदेखील त्यांच्यातल्याच अली नावाच्या एका बागायतदाराच्या बागांवरून पडले असे सांगतात. शहरात इस्रायल आळी आहे, प्रार्थनामंदिर आहे. १९४८ नंतर बरीचशी मंडळी इस्राएलला गेली, पण जाताना मराठी बरोबर घेऊन गेली. तिकडे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले.

शहरातली आणखी एक जागा नुसत्या डोळ्यांना फारशी दिसत नाही, पण विज्ञानाच्या शिक्षकांनी ती चुकवू नये. ती म्हणजे चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पूर्वी मुंबईच्या कुलाब्याला होत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, आणि त्यांच्या विजेने नाजूक उपकरणे बिघडणार, हे आधीच ओळखून १९०४ मध्ये हे काम अलिबागला आणले. मुंबईच्या कुलाब्याहून ते आमच्या कुलाब्याला आले म्हणा ना! पहिली एकदोन वर्षे दोन्ही ठिकाणी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या-नव्याचा मेळ बसावा. इमारतीत लोखंड वापरले नाही. तेव्हा आपल्या लोखंडी सायकलीने फाटकाबाहेरूनच नमस्कार करावा.

आता दक्षिणेकडे वळू. अलिबागच्या पुळणीवरून सरळ आक्षीला जाता येत नाही; मध्ये साखरची खाडी आडवी येते. रस्त्याने पुलावरून पलीकडे जायचे. आणि आक्षीला मात्र थांबायचेच. कारण या गावाने मराठी भाषेचा एक फार मोठा ठेवा जपला आहे, की हरवता हरवता वाचवला आहे म्हणू? तो आहे एक उभा दगड. त्यावर देवनागरी अक्षरे कोरलेली आहेत. शिलाहार राजा केशिदेव याच्या काळातला हा लेख शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ मधला असल्याचे वाचन प्रसिद्ध आहे. सनाबद्दल विद्वानांत मतभेद असले, तरी आजवर सापडलेल्या अगदी जुन्या मराठी लेखांत याची गणना होते. राजाला त्यात पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटले आहे, आणि जगात सुख नांदो अशा आशयाची इच्छा आहे. शाळेत आपण ज्या भाषेचे व्याकरण शिकवतो, ती भाषा हजार वर्षांपूर्वी या वाळूच्या गावात दगडावर लिहिली जात होती!

आणि हा दगड अनेक वर्षे रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात उभा होता. शेजारून एसटी जात होती, बैलगाड्या जात होत्या, आम्ही शिकलेली माणसेही जात होतो. कोणी त्याला शिव्याशापांचा धोंडा समजून टाळले असेल, कोणाला तो मैलाचा दगड वाटला असेल. मुद्दाम कोणी नासधूस केली असे नव्हे. ओळखच नव्हती, एवढेच. पण दगड नाहीसा व्हायला तेवढेही पुरते.

आक्षीच्या सुरूच्या बनातून नागावच्या पुळणीवर उतरता येते. ओल्या, कठीण वाळूवर सायकल छान चालते. घरी गेल्यावर मात्र साखळी गोड्या पाण्याने धुऊन तेल घालावे. पुढे नारळी-पोफळीच्या वाड्यांतून चौल लागते. आजचे शांत चौल पाहून पटणार नाही, पण हे एक अतिप्राचीन बंदर. ग्रीक लेखकांना ते ठाऊक होते, कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत येथल्या दात्यांचे उल्लेख आहेत, आणि दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल मसूदी येथे येऊन गेला. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन याच बंदरात उतरला. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, त्याच्याही सुमारे तीस वर्षे आधी! त्याचा स्मृतिस्तंभ रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात आहे. त्या शाळेतल्या मुलांचा मला हेवा वाटतो.

चौलहून रेवदंड्यात शिरताना रस्ता चक्क पोर्तुगीजांच्या तटातून आत जातो. समुद्राच्या बाजूला सातखणी मनोऱ्याचे उरलेले खण उभे आहेत. खाडीच्या मुखावर, पलीकडच्या टेकडीवर कोर्लईचा किल्ला. १७४० मध्ये ही ठाणी मराठ्यांकडे आली आणि पोर्तुगीज सत्ता उठली. पण कोर्लई गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक बोली आजही बोलली जाते. तिला ते 'नौ लिंग', म्हणजे आमची भाषा, म्हणतात. तोफा गेल्या, तट पडले. आयांनी मुलांशी बोललेले शब्द मात्र पावणेतीनशेहून अधिक वर्षे टिकले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, माझे मागणे थोडके आहे. आपल्या गावात तट नसेल, पण एखादा वीरगळ, गधेगळ, जुनी विहीर, नाव विसरलेली आळी असेलच. एखाद्या शनिवारी मुलांना तेथे पायी न्या. दगडाला शेंदूर, रंग, खडू लावू देऊ नका. जागचा हलवू नका. लांबी-रुंदी मोजा, चित्र काढा, गावच्या म्हाताऱ्या माणसांना त्याची हकीकत विचारा, आणि अक्षरे दिसली तर पुरातत्त्व खात्याला कळवा. समुद्राची ओहोटी सहा तासांनी परतते. विस्मरणाची ओहोटी एकदा लागली की आपोआप परतत नाही. तिच्यामागे माणसाला चालत जावे लागते.