काचेच्या टाकींत उरलेलें सरोवर

घरांत काचेची टाकी ठेवून तींत रंगीत मासे पाळणें हा सामान्यतः फावल्या वेळचा विरंगुळा समजला जातो. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पूर्व आफ्रिकेंतील एका सरोवरावर असा प्रसंग ओढवला, कीं या विरंगुळ्याला एका नष्टप्राय जीवसृष्टीच्या रक्षणाचें दायित्व स्वीकारावें लागलें.

हा इतिहास सिक्लिड नांवाच्या मत्स्यकुळाचा आहे. हें कूळ मराठी भाषकांना अगदींच परकें नाहीं. गोव्याच्या खाड्यांत सांपडणारा कालुंदर याच कुळांतला. मात्र त्याचें खरें वैभव पाहावें तें आफ्रिकेंतील मोठ्या सरोवरांत. त्यांपैकीं व्हिक्टोरिया सरोवर सर्वांत विस्तीर्ण असून युगांडा, केनिया व टांझानिया या तीन देशांत मिळून तें सुमारें ६८,००० चौरस किलोमीटर पसरलें आहे. सुमारें १५,००० वर्षांपूर्वीं तें आटून गेलें होतें, असें तळाच्या गाळावरून अनुमान निघतें. तें पुन्हां भरल्यानंतर, भूशास्त्राच्या हिशेबानें केवळ निमिषमात्र अवधींत, तेथें सिक्लिडांच्या सुमारें ५०० जाती नांदूं लागल्या. कोणी खडकावरचें शेवाळ खरवडणारी, कोणी गोगलगाईंचीं कवचें फोडणारी, तर कोणी इतर माशांचीं पिलें गिळणारी.

या माशांची संततिरक्षणाची रीत विलक्षण आहे. मादी अंडीं घालतांच तीं तोंडांत घेते. नराच्या पोटाखालील परावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. तेहि टिपण्यासाठीं ती पुढें सरसावते, आणि त्याच क्षणीं तिच्या तोंडांतील अंडीं फलित होतात. पुढें दोन-तीन आठवडे ती बहुतेक उपाशी राहून पिलांना मुखांत सांभाळते. अर्थात् मुखांत मावतील तेवढींच अंडीं. इतर मासे हजारोंनीं अंडीं घालतात, तसें येथें नाहीं. शत्रु थोडे होते तोंवर ही काटकसर पुरेशी ठरली.

१९५० नंतरच्या कांहीं वर्षांत या सरोवरांत नाईल पर्च हा परका मासा सोडण्यांत आला. हा मासा जवळ जवळ दोन मीटर लांब व २०० किलोग्रॅमपर्यंत वजनाचा होऊं शकतो. लहान, कांटेरी सिक्लिडांचें रूपांतर विक्रीयोग्य मोठ्या माशांत व्हावें, असा त्यामागील हेतु होता. जेफ्री फ्रायर या प्राणिशास्त्रज्ञानें १९६० सालीं लेख लिहून या योजनेच्या परिणामांविषयीं सावध केलें; परंतु बीज आधींच पडलें होतें. वीस-पंचवीस वर्षें विशेष कांहीं दिसलें नाहीं. १९८० च्या सुमारास मात्र नाईल पर्चची संख्या एकाएकीं वाढली. हजारो लोकांना त्यापासून रोजगार मिळाला, हेंहि खरें; पण सिक्लिडांच्या सुमारें २०० जाती दिसेनाशा झाल्या.

नेदरलंड्समधील लायडेन येथील शास्त्रज्ञ १९७७ पासून टांझानियांतील म्वांझा येथें या माशांचा अभ्यास करीत होते. ज्यांची मोजदाद करावयाची, तेच जाळ्यांतून नाहींसे होत असल्याचें त्यांना पाहावें लागलें. त्यांनीं कांहीं जातींचे जिवंत मासे मायदेशीं नेले. पुढें युरोप व अमेरिकेंतील प्राणिसंग्रहालयें आणि हौशी मत्स्यपालक यांच्या टाक्यांत अशा जातींचा वंश चालूं राहिला.

परंतु वंश राखणें म्हणजे केवळ पिलें वाढविणें नव्हे. या जातींचे नर निळे, तांबडे, पिवळे असे भडक असतात. माद्या बहुधा करड्या व एकमेकींसारख्या. मादी आपल्या जातीचा नर ओळखते ती मुख्यतः रंगावरून. १९९७ सालीं ओले सीहाउसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें, कीं शेतजमिनींतून व वस्त्यांतून वाहून आलेल्या द्रव्यांनीं पाणी गढूळ झालें, म्हणजे रंग दिसेनासे होतात, निवड चुकते आणि जाती परस्परांत मिसळून लोपतात. कोणी कोणास खाल्लें नाहीं, तरी जात गेलीच.

हाच धोका घरच्या टाकींतहि असतो. दोन निकटच्या जाती एकत्र ठेविल्या आणि मादीस स्वजातीय नर मिळाला नाहीं, तर ती परक्याशीं जुळते. त्यांचीं पिलें देखणीं निपजतात, हातोहात विकलीं जातात. पण त्यांत मूळ जात उरत नाहीं. म्हणून जाणते पालक एका टाकींत एकच जात ठेवतात, कलहप्रिय नरापासून आडोसा मिळावा म्हणून दगडांच्या कपारी रचतात, पिलें तोंडांत असलेल्या मादीस वेगळी टाकी देतात, आणि मासा कोणत्या जातीचा व कोठल्या पाण्यांतला याची नोंद त्याच्याबरोबर पुढील पालकाकडे पाठवितात. मूळ जोड्या मोजक्याच असल्यानें रक्त फार जवळचें होऊं नये, याकरितां ते आपसांत माशांची देवघेवहि करतात.

१९९० नंतर नाईल पर्चची अतोनात मासेमारी झाली, तेव्हां कांहीं सिक्लिड सरोवरांत पुन्हां दिसूं लागले. पण सर्वच परतले नाहींत. जे परतले नाहींत, त्यांपैकीं थोड्यांचा वंश आज काचेच्या चार भिंतींत आहे. आणि त्यांचें भवितव्य टाकीवर चिकटविलेली एक चिठ्ठी खरी आहे कीं नाहीं, यावर अवलंबून आहे.