प्रेक्षकाची जागा

क्रिकेटच्या इतिहासात धावांची आणि बळींची नोंद काटेकोरपणे ठेवली जाते. परंतु उन्हातान्हात बसून तो खेळ पाहणारा माणूस कोठे बसला होता, याची नोंद क्वचितच होते. वास्तविक कोणत्याही मैदानाचा इतिहास हा बव्हंशी त्या माणसाच्या जागेचाच इतिहास असतो. मुंबईत चर्चगेट स्थानकाच्या आसपास, पायी सहज फिरून यावे एवढ्या टापूत, तीन काळांची तीन मैदाने आहेत : बॉम्बे जिमखाना, ब्रेबर्न आणि वानखेडे. जुने बरे की नवे बरे, हा क्रिकेटरसिकांचा आवडता वाद या तिन्हींच्या साक्षीने तपासून पाहण्याजोगा आहे.

बॉम्बे जिमखाना 1875 साली युरोपियनांनी स्थापन केला. त्याच्या सभासदत्वाचे दार त्या काळी हिंदी माणसाला बंद होते. मात्र समोरचे मैदान उघडे असल्यामुळे खेळ पाहण्यापासून त्याला कोणी रोखू शकत नव्हते. मोठ्या सामन्यांच्या वेळी तेथे तंबू आणि शामियाने उभे राहत. 1 डिसेंबर 1926 रोजी इंदूरच्या होळकरांच्या पदरी असलेल्या सी. के. नायडू यांनी एम. सी. सी.च्या पाहुण्या संघाविरुद्ध 153 धावा काढल्या आणि त्यांत 11 षटकार ठोकले. तो पराक्रम ज्यांना शामियान्यात जागा मिळाली त्यांनी पाहिला, आणि ज्यांना मिळाली नाही त्यांनी आसपासच्या झाडांवर व छपरांवर चढून पाहिला. डिसेंबर 1933 मध्ये हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना याच मैदानावर झाला. नायडू कर्णधार होते, आणि लाला अमरनाथ यांनी 118 धावा करून कसोटीतील पहिले भारतीय शतक नोंदवले. इंग्लंडने सामना जिंकला, परंतु लोकांच्या आठवणीत राहिले ते अमरनाथ. त्या मैदानावर सोय काहीच नव्हती. खेळ मात्र हाताच्या अंतरावर होता.

समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने बांधलेले ब्रेबर्न स्टेडियम 1937 साली खुले झाले. अँथनी डिमेलो यांचा त्यामागील पुढाकार सर्वश्रुत आहे. तंबूंच्या जागी पक्के प्रेक्षागार आले आणि पाहणाऱ्याला प्रथमच हक्काची बैठक लाभली. परंतु बैठक म्हटली की वाटणी आली, आणि वाटणी आली की भांडण! त्याच वर्षी चौरंगी सामन्यांचे पंचरंगी सामने झाले, आणि पहिल्याच स्पर्धेतून हिंदू संघाने माघार घेतली. कारण खेळाचे नव्हते. नव्या स्टेडियममध्ये हिंदू जिमखान्याच्या वाट्याला आलेल्या जागा अपुऱ्या वाटल्या, हे होते. संघ धर्मवार होते, तशी जागांची वाटणीही त्या त्या समाजाच्या जिमखान्यामार्फत होत असे.

तथापि त्याच मैदानाने या भिंती ठेंगण्या करणारा खेळही पाहिला. ख्रिस्ती आदी उरलेल्या समाजांसाठी ‘रेस्ट’ नावाचा पाचवा संघ होता. 1943 च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध खेळताना या संघाच्या दुसऱ्या डावातील 387 धावांपैकी 309 एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. सांगलीत जन्मलेला आणि बडोद्याचा झालेला हा ख्रिस्ती मराठी फलंदाज हरणाऱ्या बाजूने खेळत होता, तरीही त्या खेळीचे मोल सर्वांनीच मानले. पंचरंगी सामने 1946 मध्ये बंद पडले आणि प्रेक्षक निदान धर्माच्या वाटणीतून मोकळा झाला. पुढे फेब्रुवारी 1949 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध विजयाला केवळ 6 धावा हव्या असताना वेळ संपली, तेव्हाची हळहळ साऱ्या स्टेडियमची होती. त्याच प्रेक्षकांनी 1969 साली ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात पंचाच्या एका निर्णयावरून बाटल्या फेकल्या आणि जाळपोळ केली, हेही लपवून चालणार नाही.

तिसरे मैदानही जागांच्याच वादातून जन्मले. ब्रेबर्न क्लबच्या मालकीचे आणि सामने मुंबई क्रिकेट असोसिएशनचे. मग तिकिटे कोणाला किती, यावरून दोन्ही संस्थांचे बिनसले. असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर, लोहमार्गाला लागून, सुमारे वर्षभरात नवे स्टेडियम उभे केले. जानेवारी 1975 मधील तेथील पहिल्या कसोटीत क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद 242 धावा केल्या. क्लबची ऐट तेथे नव्हती. लोकलमधून उतरून आलेला गिरगाव-दादरचा माणूस मात्र तेथे मोठ्या संख्येने बसू लागला. नॉर्थ स्टँडमधील जाणकार आणि तिखट जिभेचा प्रेक्षक ही या मैदानाची खरी मिळकत ठरली.

2011 च्या विश्वचषकासाठी वानखेडेचे रूप पालटले. वर छत आले, प्रत्येकाला क्रमांकाची स्वतंत्र खुर्ची मिळाली. 2 एप्रिल 2011 रोजी भारताने तेथेच विश्वचषक जिंकला, आणि नोव्हेंबर 2013 मध्ये सचिन तेंडुलकर यांनी तेथेच निरोप घेतला. पण पूर्वी जेथे सुमारे 45 हजार माणसे मावत, तेथे आता सुमारे 33 हजार मावतात. खुर्ची रुंद झाली, तशी रांग आखूड झाली; आणि आखूड रांगेतून प्रथम बाहेर पडतो तो खिशाने हलका असलेला रसिक.

म्हणून जुन्या-नव्याचा निवाडा विटा-सिमेंटवरून करता येत नाही. झाडावर चढावे लागणे यात कोणतेही काव्य नव्हते. प्रेक्षकाला सावली आणि सुरक्षितता हवीच. मात्र जिमखान्याच्या काळी ज्याला शामियान्यात जागा नव्हती, त्याला निदान झाड तरी होते. आजच्या उंच भिंतींबाहेर ते झाड उरलेले नाही. सर्वांत स्वस्त तिकीट कोणाच्या आवाक्यात आहे आणि त्या तिकिटावर बसून खेळ कितपत दिसतो, हे दोन प्रश्न प्रत्येक नव्या मैदानाला विचारावेत. त्यांची उत्तरे समाधानकारक असतील, तर ते मैदान जुन्याहून खचितच सरस म्हणावे.