दहा दिवसांचे औषध आणि तिसऱ्या दिवशी बरे झालेले मूल

१/९
ऑक्सफर्ड, १९४१. पोलीस शिपाई अल्बर्ट अलेक्झांडर जंतुसंसर्गाने मरणाच्या दारात होते. १२ फेब्रुवारीला त्यांना पेनिसिलिन टोचले आणि उतार पडू लागला. औषध इतके दुर्मीळ, की ते त्यांच्या मूत्रातून परत मिळवून पुन्हा टोचले जाई. काही दिवसांत साठा संपला, आजार उलटला. १५ मार्चला त्यांचे निधन झाले.

२/९
पुढे २२ वर्षांनी अमेरिकेत पेनिसिलिनसाठी पुन्हा मूत्र तपासले गेले. या वेळी रुग्ण लहान मुले होती आणि औषधाची टंचाई नव्हती. औषध घरात होते. ते मुलांच्या पोटात जाते का, एवढाच प्रश्न होता.

३/९
या प्रश्नाचे मूळ घशाच्या एका दुखण्यात आहे. स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंमुळे घसा सुजतो, काही दिवसांत बराही होतो. मात्र काही मुलांना त्यानंतर संधिज्वर होतो. सांध्यांची सूज ओसरते. हृदयाच्या झडपांना झालेली इजा कित्येकदा जन्मभर राहते.

४/९
१९४९ पासून अमेरिकेतील वायोमिंगच्या वॉरन हवाई तळावर चार्ल्स रॅमेलकँप व सहकाऱ्यांनी घसा सुजलेल्या सैनिकांना पेनिसिलिन दिले. संधिज्वराचे प्रमाण कमालीचे घटले. मात्र घशातील जीवाणू समूळ नष्ट होणे आवश्यक होते. पोटात घेण्याच्या पेनिसिलिनसाठी त्यामुळे १० दिवसांची मुदत रूढ झाली.

५/९
त्याच दशकात टंचाई सरली. १९५५ मध्ये पुण्याजवळ पिंपरीतही, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफच्या साहाय्याने, पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. जठरातील आम्लात टिकणारे पेनिसिलिन व्ही आले आणि सुईऐवजी तोंडाने औषध देणे सोपे झाले. उपचाराची सूत्रे परिचारिकेकडून आईच्या हाती आली.

६/९
१९६३ मध्ये बर्गमन आणि वर्नर यांनी अशा ५९ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उरलेल्या गोळ्या मोजल्या, मूत्र तपासले. तिसऱ्या दिवसापर्यंत ५६ टक्के मुलांचे औषध बंद झाले होते. सहाव्यापर्यंत ७१, नवव्यापर्यंत ८२ टक्के.

७/९
याला केवळ आईबापांचा हलगर्जीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. औषधाचा गुणच येथे आड येत होता. दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, मूल खेळू लागते. खेळत्या मुलाला धरून, तोंड उघडायला लावून, दिवसातून अनेकदा कडू औषध पाजायचे, तेही डोळ्यांना न दिसणाऱ्या धोक्यासाठी!

८/९
१९६७ च्या आणखी एका अभ्यासात उपायाची दिशा दिसली. आईला आजार गंभीर वाटत असेल आणि डॉक्टर नेहमीचा, ओळखीचा असेल, तर औषध अधिक नियमाने दिले जाई. धाकापेक्षा विश्वास आणि समजावणी कामी आली. पुढे कमी वेळा द्यावी लागणारी, पाण्यात विरघळणारी, चवीला बरी औषधे आली, तीही याच अडचणीतून.

९/९
आज काही आजारांत प्रतिजैविकांची मुदत पूर्वीपेक्षा आखूड झाली आहे. ती किती असावी, हे डॉक्टर आजार पाहून ठरवतात. उतरलेला ताप ते ठरवत नाही. अलेक्झांडर यांचा उपचार अपुरा राहिला, कारण जगात औषध उरले नव्हते. नंतरच्या मुलांचा अपुरा राहिला, तेव्हा उरलेले औषध घरातच होते.