रामशास्त्र्यांचा नकार

शिर्डीहून उत्तरेस मोटारीनें निघालें, कीं अर्ध्या तासाच्या आंत गोदावरीचें पात्र लागतें आणि पलीकडे कोपरगांव दिसूं लागतें. या रस्त्यावर यात्रेकरूंची वर्दळ रात्रंदिवस चालू असते; परंतु मराठ्यांच्या इतिहासांतील एका मोठ्या कलहाच्या नायकाचा शेवट याच गांवीं झाला, हें फार थोड्यांच्या ध्यानीं येतें. ज्यांच्या मोहिमेंत मराठ्यांचीं घोडीं अटकेपर्यंत पोंचलीं, त्या राघोबादादांनीं १७८३ सालीं येथें देह ठेविला. मी या भागांत शाळामास्तर होतों व मुलांना दादांचा वाडा दाखवावयास नेत असें. एका वर्षीं नारायणरावांच्या वधाची हकीगत सांगून मीं रामशास्त्री प्रभुणे यांचा बाणेदारपणा मोठ्या आवेशानें वर्णन केला. तेव्हां एका मुलानें विचारलें, “गुरुजी, शास्त्रीबोवांनीं नाहीं म्हटलें, तरी दादा पेशवे कसे राहिले?” मला त्या वेळीं नीट उत्तर देतां आलें नाहीं. श्रोतेहो, आजचें भाषण म्हणजे त्या मुलाला उशिरानें दिलेलें उत्तर होय.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांना ठार केलें. पेशव्यांना ‘धरावें’ असा हुकूम होता, त्यांतील ‘ध’ चा कोणीं ‘मा’ केला, असें परंपरा सांगते. चुलते रघुनाथराव पेशवे झाले. साताऱ्याच्या छत्रपतींकडून त्यांना वस्त्रेंही मिळालीं. न्यायाधीश रामशास्त्र्यांनीं चौकशी केली, दोष दादांच्या माथीं ठेविला आणि पुणें सोडलें. दादा मात्र अधिकारावर कायम राहिले. शास्त्र्यांच्या शब्दाला मान होता, अंमल नव्हता. हाच त्या मुलाच्या प्रश्नाचा गाभा आहे.

मग सत्तेला आवर घालण्याची विद्या मराठ्यांना ठाऊकच नव्हती काय? तसें मुळींच नाहीं. शिवछत्रपतींच्या किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी असत. एकाकडे किल्ल्या, दुसऱ्याकडे पहाऱ्याची शिबंदी, तिसऱ्याकडे हिशेब. एकटा फितूर झाला तरी गड शत्रूच्या हातीं जाऊं नये, अशी ही योजना होती. महाराजांच्या पत्राच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी मोर्तब उठविली जाई. तिच्याखालीं मागाहून कोणीं अक्षर वाढवूं नये, हा तिचा उपयोग. पेशवाईंत मामलेदारावर दरखदारांची नजर असे. दिवाण, मुजुमदार, फडणीस हे दरखदार सरकारांतून नेमलेले. मामलेदाराला त्यांना काढतां येत नसे, आणि त्यांच्या निशाणीवांचून हिशेब पुरा होत नसे.

म्हणजे गडावर आवर होता, परगण्यांत आवर होता, पत्राच्या शेवटच्या ओळीलाही आवर होता. तो नव्हता एका शिखरावर! शाहूमहाराज १७४९ सालीं निवर्तले आणि त्यानंतर छत्रपतींची सत्ता नांवापुरती उरली. पेशव्यास वस्त्रें देणें हा धन्याचा अधिकार. देणें आलें तसें न देणेंही त्यांत आलें. परंतु १७७३ सालीं दादांना वस्त्रें देणाऱ्या साताऱ्यानेंच पुढल्या वर्षीं दादांच्या विरुद्ध पक्षाच्या तान्ह्या बाळालाही वस्त्रें दिलीं. ज्याला नाहीं म्हणतां येत नाहीं, त्याच्या होकाराला किंमत ती काय राहणार?

तें बाळ म्हणजे १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर जन्मलेले सवाई माधवराव. त्यांच्या नांवानें नाना फडणीस, सखारामबापू बोकील इत्यादि कारभाऱ्यांनीं बारभाईंचें कारस्थान उभारलें. रामशास्त्र्यांचा नकार त्यांनीं फौजेच्या बळावर अंमलांत आणिला, ही गोष्ट इष्टच झाली. पण तिची किंमत पाहावी. दादा इंग्रजांच्या आश्रयास गेले, १७७५ सालीं सुरतेचा तह झाला, आणि त्यांतून पेटलेलें युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललें. त्या तहानंतर दादा कोपरगांवीं येऊन राहिले. इकडे बारभाईंना आवरणारा कोणी उरला नाहीं. स्वतः सखारामबापूंना सोबत्यांनींच कैदेंत टाकलें व कैदेंतच त्यांचा अंत झाला. राज्याच्या नियमांत ज्या नकाराला जागा नसते, तो एक तर घर सोडून जातो, नाहीं तर तलवार उपसतो.

त्याच काळांत इतर देशही या प्रश्नाशीं झगडत होते. पोलंडच्या प्रतिनिधिसभेंत एका सभासदानें ‘मला मान्य नाहीं’ म्हटलें, कीं साऱ्या अधिवेशनाचें काम बुडे. तेथें नकार होता, पण त्याला मर्यादा नव्हती. ३ मे १७९१ रोजीं त्यांनीं ही रीत मोडली. परंतु उशीर झाला होता, आणि १७९५ सालीं शेजाऱ्यांनीं तें राज्य वांटून घेतलें. अमेरिकेनें १७८७ च्या घटनेंत मधला मार्ग काढला. अध्यक्षानें विधेयक नाकारावें, कारणें लिहून परत पाठवावें. परंतु दोन्ही सभागृहांनीं दोनतृतीयांश मतांनीं तें पुन्हां संमत केलें, तर तो कायदा व्हावा. नकाराला बळ दिलें आणि नकारावरही आवर ठेविला.

डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीनें ज्या घटनेचा मसुदा केला, तिच्या १११ व्या कलमांत राष्ट्रपतींना धनविधेयकाखेरीज अन्य विधेयक फेरविचारासाठीं परत पाठवितां येतें. संसदेनें तें पुन्हां संमत केल्यावर मात्र संमति रोखतां येत नाहीं. पण या कलमांत दिवसांची मुदत लिहिलेली नाहीं. १९८६ सालीं टपालांतील पत्रें अडविण्याचे विस्तृत अधिकार सरकारला देणारें विधेयक संसदेनें संमत केलें. राष्ट्रपति झैलसिंग यांनीं त्यावर सही केली नाहीं व तें परतही पाठविलें नाहीं. १९८७ सालीं ते निवृत्त झाले तेव्हां तें तसेंच पडून होतें, आणि त्याचा कायदा कधींच झाला नाहीं. लोकांचीं पत्रें वांचलीं याचा मलाही संतोष वाटतो. तथापि जें मौन आज आपल्या हिताचें ठरलें, तेंच उद्यां एखाद्या चांगल्या विधेयकाचा गळा दाबूं शकेल. रामशास्त्र्यांच्या हातीं अंमल नव्हता. पण त्यांनीं चौकशी करून, कारण दाखवून नकार दिला. नकाराचा अधिकार ज्याला आहे, त्यानें निदान एवढें तरी करावें.

त्या मुलाला मी आज असें सांगेन: बाळ, दादा राहिले ते शास्त्रीबोवा दुबळे होते म्हणून नव्हे. पेशव्याला नाहीं म्हणण्याचें काम राज्यानें कोणावर सोंपविलेंच नव्हतें. तें एका धैर्यवान पुरुषानें आपण होऊन केलें. असे पुरुष प्रत्येक पिढींत मिळतीलच असें नाहीं. म्हणून त्यांचें धैर्य नियमांत उतरवून ठेवावयाचें असतें, आणि तो नियम पाळला जातो कीं नाहीं हें आपण, घरोघरच्या नागरिकांनीं, डोळ्यांत तेल घालून पाहावयाचें असतें.