काचेआडचा सर्प

‘आयत्या बिळात नागोबा’ ही म्हण आपण दुसऱ्याच्या श्रमावर सुखाने बसणाऱ्यास लावतो. परंतु तिच्या पोटी निसर्गातले एक सत्य दडलेले आहे. नाग स्वतः बीळ खणीत नाही आणि बिळावाचून त्याचे चालतही नाही. सर्पजातीचा बहुतेक जीवनक्रम लपण्यावर उभारलेला आहे. भक्ष्य गाठावयाचे ते लपून, आणि शत्रू टाळावयाचा तोही लपूनच. अशा प्राण्याने शोभेच्या वस्तूप्रमाणे दिवाणखान्यात सदैव दृष्टीसमोर राहावे, ही मनुष्याची इच्छा चमत्कारिक खरी. पण ती आजची नव्हे. तिचा इतिहास पाहिला म्हणजे दर्शनी सर्प कोणता, ह्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच सापडते.

सर्प पाहण्याचा सर्वांत जुना मार्ग गारुड्याचा. टोपलीचे झाकण काढावे, सर्पास डिवचावे, आणि तो भयाने फणा उभारील तेवढा वेळ त्याचे दर्शन घ्यावे. ह्या दर्शनात सर्पाचे सौंदर्य थोडे व त्याची भीतीच अधिक. प्रेक्षकांस वाटते, नाग डोलतो आहे. वस्तुतः तो समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून स्वसंरक्षणास सिद्ध झालेला असतो.

दुसरा मार्ग काचेचा. इंग्लंडात काचेवरील कर १८४५ साली उठला व काच स्वस्त झाली. पुढे चारच वर्षांनी, १८४९ साली, लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सर्पगृह उघडले. विषारी सर्प व प्रेक्षक ह्यांच्यामध्ये आता केवळ एक पारदर्शक तावदान उरले, आणि डिवचल्यावाचून सर्प पाहण्याची सोय झाली. परंतु नवी सोय हाती आली म्हणून जुनी हौस जात नाही. १८५० साली ईजिप्तहून ओबेश नावाच्या पाणघोड्याबरोबर आलेल्या गारुड्यांनी त्याच उद्यानात आपले खेळ करून दाखविले. पुढे ऑक्टोबर १८५२ मध्ये एडवर्ड गर्लिंग नावाच्या तेथील रक्षकाने, रात्रीच्या मद्याची धुंदी उतरली नसता, पेटीतून नाग बाहेर काढून हाती खेळविला. नागाने त्याच्या नाकावर दंश केला. रुग्णालयात कृत्रिम श्वासोच्छ्वासाचा प्रयत्न झाला. तरी त्याच दिवशी त्याचा अंत झाला. काच होती, पण काच कशासाठी आहे ही जाणीव त्या क्षणी नव्हती.

काचेने प्रेक्षकांची भीती दूर केली. सर्पाची भीती मात्र तशीच राहिली. त्या काळी उबेसाठी पेटीत घोंगड्या घालीत, आणि सर्प त्यांच्या खाली दडून बसत. एका अजगराने तर ती घोंगडीच गिळून टाकली व काही आठवड्यांनी बाहेर टाकली, अशी नोंद आहे. पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकास पुष्कळदा घोंगडीचेच दर्शन घडत असे. ती काढून घ्यावी तर सर्प उघडा पडे, अन्न सोडी आणि खंगत जाई.

हा पेच सोडविण्याचे मोठे श्रेय जोन प्रॉक्टर ह्या विदुषीकडे जाते. बालपणापासून सरडे व सर्प पाळणारी ही स्त्री १९२३ साली लंडनच्या संग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रमुख झाली. तिच्या योजनेप्रमाणे उभारलेले नवे सर्पगृह १९२७ साली उघडले. प्रेक्षकांचा सज्जा अंधारा व पेट्या उजळ, त्यामुळे काचेवर प्रतिबिंब पडू नये. प्रत्येक पेटीस आवश्यक तेवढीच विजेची ऊब. आणि आत त्या त्या प्राण्याच्या मायदेशास साजेसे खडक व देखावे, अशी तिची रचना होती. जन्मभर आजाराशी झगडून १९३१ साली, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, ती निवर्तली. पण प्राण्याला त्याचे स्थान द्यावे म्हणजे तो आपण होऊन दृष्टीस पडतो, हा धडा तिच्या इमारतीने घालून दिला.

ह्या धड्याचे उत्तम उदाहरण म्हणजे न्यू गिनी, भोवतालची बेटे आणि ऑस्ट्रेलियाचे उत्तर टोक येथे राहणारा हिरवा वृक्ष-अजगर. श्लेगेल ह्या शास्त्रज्ञाने १८७२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. फांदीवर वेटोळी टाकून, मध्यभागी मस्तक टेकवून, हा दिवस दिवस निश्चल बसतो. घरच्या पेटीत सदोदित समोर दिसणारा देखणा सर्प हवा असेल, तर जाणते लोक प्रथम ह्याचेच नाव घेतात. दक्षिण अमेरिकेतील पाचूच्या रंगाचा बोआही थेट असाच बसतो. वास्तविक ही दोन कुळे निराळी आहेत. अजगर अंडी घालतो व बोआ जिवंत पिले प्रसवतो. तरीही समान अरण्यजीवनाने दोघांस एकच रंग व एकच आसन दिले.

येथेच ह्या विषयाचे मर्म आहे. हा सर्प निर्भय म्हणून उघड्यावर बसत नाही. पानांच्या गर्दीत आपण दिसत नाही, हाच त्याचा भरवसा! त्याची पिले पिवळी किंवा विटकरी असतात आणि देह वाढल्यावर हिरवी होतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, पिवळ्या पिलांचा हा रंगबदल ती वृक्षांच्या शेंड्यांकडे वळण्याच्या सुमारासच होतो. म्हणजे आपण ज्याला प्रदर्शन समजतो ते त्याच्या दृष्टीने अज्ञातवासच होय. म्हणून आडव्या फांद्या, दाट पाने, ऊब आणि दमटपणा पुरविला, तरच तो निश्चिंतपणे समोर राहील. पाने काढून टाकली तर उरेल तो केवळ भयभीत कैदी.

ह्या सौंदर्याची किंमत दूरच्या रानांनीही भरली आहे. लायन्स व नाटूश ह्यांच्या २०११ सालच्या अभ्यासानुसार, इंडोनेशियातून ‘पाळीव संवर्धनातले’ म्हणून निर्यात होणाऱ्या ह्या अजगरांपैकी निदान ८० टक्के रानातून चोरून धरलेले होते. आपल्याकडे नाग, धामण, अजगर असले रानातले सर्प धरून घरी ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मज्जाव आहे. परदेशी सर्पाच्या बाबतीतही त्याचा जन्म खरोखर पाळीव आईबापांपोटी झाला काय, हा प्रश्न रंगाच्या आधी विचारला पाहिजे.

तात्पर्य, दर्शनी सर्पाची निवड ही प्रथम त्याच्या स्वभावाची निवड होय, आणि रंगाची नंतर. गारुड्याने सर्पास डिवचून पाहिले, पहिल्या सर्पगृहाने त्यास उघडा करून पाहिले. त्यास सुखाने लपू देऊन पाहणे, हा तिसरा मार्ग मनुष्यास सर्वांत उशिरा सुचला. आणि सर्प मनसोक्त पाहावयास मिळतो तो ह्याच मार्गाने.