पुडीवरचं नाव

मागच्या पावसाळ्यात अम्मीला कावीळ झाली. चिंचवडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरचं काही औषध चालू आहे का?" अम्मीने पिशवीतून पुडी काढली. वर अत्ताराने उर्दूत लिहिलं होतं : गुल-ए-गाफिस.

"म्हणजे नेमकी कोणती वनस्पती?"

मला सांगता आलं नाही. "दादीच्या काळापासून घेतात" एवढंच बोललो. बाईंनी पुडी बंद करायला लावली. अम्मी बरी झाली, पण प्रश्न माझ्या मागे लागला.

गाफिसचं नाव फार जुनं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने 'युपेटोरियन' नावाची वनस्पती यकृताच्या दुखण्यावर आणि आमांशावर सांगितली. हे नाव पोंटसचा राजा मिथ्रिडेटिस युपेटर याच्यावरून पडलं, असं मानतात. नवव्या शतकात बगदादमध्ये डायोस्कोरिडीसचा ग्रंथ अरबीत आला; भाषांतर तपासणारा हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता. अरबीत या वनस्पतीला गाफित म्हणत. आपल्या हकिमांच्या तोंडी ते गाफिस झालं. इब्न सीनाच्या 'कानून'मध्येही ती यकृताच्या औषधांत आहे.

आज अभ्यासक या गाफितला अ‍ॅग्रिमोनिया युपेटोरिया म्हणून ओळखतात. गुलाबाच्या कुळातलं हे बहुवर्षायू रानरोप आहे. उभ्या दांड्यावर पिवळी फुलं येतात आणि फळं आघाड्यासारखी कपड्यांना चिकटतात. त्यात तुरट टॅनिन भरपूर असतं. म्हणून युरोपात घसा दुखला की याच्या काढ्याने गुळण्या करत, जुलाबावर तो पीत, आणि याच्यापासून पिवळा रंगही काढत. या रोपाची एक बहीण हिमालयात आढळते. आपल्या मावळात मात्र ते उगवत नाही.

मग अम्मीच्या पुडीत काय होतं? आपल्याकडे गुल-ए-गाफिस म्हणून विकतात ती जेन्शियाना ओलिव्हिएरी. इराण-अफगाणिस्तानकडची, निळ्या फुलांची, चवीला कडू, आणि गुलाबाच्या कुळाशी काही संबंध नसलेली. यकृतासाठी देतात त्या दबीदुल-वर्द माजूनमध्ये गुलाब आणि गाफिस दोन्ही असतात. गुलाब गुलाबच राहिला, पण गाफिसच्या जागी दुसरीच वनस्पती येऊन बसली, नाव तेच ठेवून.

एका औषधाऐवजी दुसरं वापरणं हा युनानीत गुन्हा नाही. त्याला 'बदल' म्हणतात. अबू बक्र राझीने अशा बदली औषधांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पण बदल हा बदल म्हणून सांगायचा असतो.

दख्खनमध्ये हा प्रश्न नवा नव्हता. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहाचा सरदार मलिक-उत-तुज्जार चाकणला तळ देऊन होता. त्याच सुलतानाने बिदरला दारुश्शिफा बांधला आणि तिथे हिंदू व मुस्लिम दोन्ही वैद्य नेमले, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. हा फरिश्ता स्वतः वैद्यकाचा जाणकार होता. विजापुरात इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्या दरबारी असताना त्याने 'दस्तूर-उल-अतिब्बा' हा ग्रंथ लिहिला आणि इथली औषधं, इथलं वैद्यक फारसी वाचकांपुढे ठेवलं. परक्या नावाला चिकटून न बसता आपण जिथे राहतो तिथली झाडं ओळखायची, ही खरी विद्या.

आमच्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९५५ मध्ये पेनिसिलिन निघू लागलं. तेही बुरशीचंच, म्हणजे निसर्गातलंच. फरक असा की कुपीवर जे लिहिलेलं, तेच आत आहे की नाही हे तपासण्याची सोय होती. आपल्या पुडीला ती सोय का नसावी?

युनानीची बाजू घेताना आपण बगदाद आणि इब्न सीना यांची नावं अभिमानाने सांगतो. पण ती माणसं एकेका शब्दाचा अर्थ पडताळून पाहणारी होती. त्यांचा वारसा सांगायचा, तर "दादी घ्यायची" हे उत्तर पुरत नाही.

ती पुडी अजून कपाटात आहे. तिच्यावर मी मराठीत लिहून ठेवलंय : ही निळ्या फुलांची जेन्शियाना, गाफितचा बदल. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये. अम्मीने वाचलं आणि म्हणाली, "हे अत्तारालाही सांगून ये."